एकतीस वेळा 'सांगता येत नाही'

आमच्या कचेरीत मला संशय घेण्याचा पगार मिळतो. कागदोपत्री त्याला 'फेरतपासणी' म्हणतात. आमचे सर्व्हेवाले घरोघर जाऊन लोकांची मतं फॉर्मवर भरून आणतात. त्यातले काही फॉर्म उचलून मी पुन्हा त्याच दारांवर जाते आणि विचारते, आमचा माणूस खरंच आला होता का, प्रश्न हाच विचारला का, उत्तर तुम्ही हेच दिलं का. चहाच्या टपरीवर बसून दहा-दहा फॉर्म रंगवणारे महाभाग मी पकडले आहेत. एकाने तर एका आजोबांचं ठणठणीत मत लिहून आणलं होतं, आणि आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. थोडक्यात, मला फसवणं सोपं नाही, आणि याची मला जरा घमेंडच होती.

या सर्व्हेवाल्यांत माझी आत्या आहे. बावीस वर्षं ती दारं वाजवते आहे. मला इथे चिकटवलं तेही तिनेच. "तुमच्या आत्याने सांगितलं म्हणून नाही, तुम्ही तिरसट आहात म्हणून घेतलं," असं साहेब मला अधूनमधून ऐकवतात. कामातलं सगळं मला आत्याने शिकवलं. घंटी वाजवली की दोन पावलं मागे सरायचं, म्हणजे दार उघडणाऱ्याला आपण अंगावर आल्यासारखं वाटत नाही. प्रश्न अक्षर न् अक्षर वाचायचा. आणि उत्तर काहीही येवो, भुवई हलवायची नाही. "तुझी भुवई हलली की समोरच्याचं मत हललंच," ती म्हणायची. तिची भुवई हललेली मी घरीसुद्धा फारशी पाहिलेली नाही.

तर त्या वेळचा प्रश्न असा होता. शहराबाहेर सरकारी दारूगोळ्याचं कोठार आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे आग लागली आणि सात माणसं गेली. एका भांडारपालाच्या हलगर्जीपणामुळे आग लागली, असं खात्याने जाहीर केलं. भांडारपाल त्या सातांतलाच एक असल्याने उलट बोलायला तो शिल्लक नव्हता. मग यंदा एका प्रकाशकाने नव्वद पानांचं पुस्तक काढलं. एरवी हा गृहस्थ परीक्षेची गाइडं आणि शिवण-विणकामाचे नमुने छापतो. आत्याच्या घरी त्याचं 'सोपे विणकाम' आहे. या पुस्तकात मात्र खात्याचाच अहवाल होता, वर 'गोपनीय' असा शिक्का असलेला, आतून कोणीतरी बाहेर काढलेला. कोठारातल्या वायरी सडल्या आहेत असं खात्याच्या इंजिनिअरने तीन वेळा लेखी कळवलं होतं, आणि तिन्ही वेळा कागद दाबला गेला होता.

सरकारने तो अहवाल फोडणाऱ्याला शोधायला सुरुवात केली. तो सापडेना, तेव्हा प्रकाशकावर खटला भरायचं निघालं. मंत्री म्हणाले, जनता आमच्या बाजूने आहे. एका वर्तमानपत्राने म्हटलं, विचारून बघू या, आणि काम आमच्याकडे आलं. प्रश्न एक, चौकटी तीन. सरकारी गोपनीय अहवाल छापल्याबद्दल प्रकाशकावर खटला भरावा का? 'भरावा', 'भरू नये', 'सांगता येत नाही'. शनिवारी आकडे छापून यायचे होते आणि सोमवारी सरकारचा निर्णय.

बुधवारी सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. साहेबांना आम्ही पाठीमागे 'दशांश' म्हणतो. घरी जेवायला किती माणसं आहेत विचारलं तरी हा माणूस सरासरी सांगेल.

"कोठाराजवळच्या क्वार्टर्स," ते म्हणाले. "चाळीस घरं. 'सांगता येत नाही' किती असेल?"

"बाकी शहरात अठरा टक्के आहे."

"अठरा पूर्णांक तीन. इथे सत्त्याहत्तर पूर्णांक पाच. चाळिसांत एकतीस!" त्यांनी गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. वरच्या फॉर्मवरचं अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं. ते टपोरं, सरळ अक्षर आत्याचं होतं.

"नियम तुम्हाला माहीत आहे," साहेब म्हणाले. "फॉर्म खोटे निघाले तर नाव यादीतून कायमचं जातं. आपल्याकडूनही आणि बाकीच्या कंपन्यांकडूनही. तुमची आत्या आहे, तेव्हा दुसऱ्या कोणाला पाठवू का?"

"मीच जाते," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. आत्या आणि टपरीवर बसून फॉर्म रंगवणार? साहेबांच्या तोंडावर गठ्ठा आपटून 'सगळं जुळतंय' म्हणायला मी निघाले होते.

क्वार्टर्स म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या बैठ्या घरांच्या चार रांगा. प्रत्येक दारावर घराचा क्रमांक, आणि दोन दारं सोडली तर त्याखाली घरातला कोण खात्यात आहे त्याचा क्रमांक. एका दारात बोललेलं तीन दारांत ऐकू जाईल अशी रचना. पहिल्या सहा घरांत माझं काम सुरळीत झालं. हो, बाई आल्या होत्या. हो, प्रश्न विचारला. "काय बोललात?" असं विचारलं की मात्र प्रत्येक जण आधी शेजारच्या दाराकडे बघायचा. "तेच ते, सांगता येत नाही म्हणालो असेन," एक कारकून पुटपुटला आणि त्याने दार लावून घेतलं. मला हायसं वाटलं. आत्या आली होती, बस्स.

सतरा नंबरच्या घरात एक बाई शाळेच्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत बसली होती. वय पस्तिशीच्या आसपास, अंगात खात्याच्या सफाई विभागाचा निळा कोट. भिंतीवर नवऱ्याचा फोटो. मी फॉर्मवरचं नाव वाचलं, मग फोटोखालचं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याच्या माथी आगीचं खापर फोडलं होतं, त्या भांडारपालाचं हे घर.

"वहिनी, गेल्या आठवड्यात आमच्या बाई आल्या होत्या ना?"

"आल्या होत्या की. चांगला अर्धा तास बसल्या. माझ्या हातचा चहा प्यायल्या."

"आणि तुम्ही उत्तर दिलंत, 'सांगता येत नाही'."

तिचा हात थांबला. "काय म्हणालात?"

मी पुन्हा वाचलं.

"मी असं म्हटलंच नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं माझ्या मुलीला शाळेत 'आगलाव्याची पोर' म्हणायचे. त्या माणसाने पुस्तक छापलं तेव्हा कुठे ते थांबलं. त्याच्यावर खटला भरावा का, मला सांगता येत नाही? मला? अहो, मी अर्धा तास तेच तर सांगत होते!"

"बाईंच्या ऐकण्यात काही—"

"ऐकण्यात काही नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं." तिने दप्तर बाजूला ठेवलं. "हे त्यांनी मुद्दाम केलं. माझी नोकरी खात्यातच आहे, घरही खात्याचं. माझं नाव त्या कागदावर आहे. माझ्या भल्यासाठी केलं असेल, होय ना?"

भल्याभल्यांना दारात गप्प करणारी मी, फॉर्मची घडी घालायला लागले.

"तो अहवाल दाबला, तोही आमच्या भल्यासाठीच," ती म्हणाली. "लोक घाबरतील म्हणून. तेव्हाही मला कोणी विचारलं नव्हतं."

बाहेर येऊन मी पायरीवरच बसले आणि गठ्ठा पुन्हा चाळला. आता दिसलं. 'भरू नये' अशा खुणा दोनच होत्या: एक कोपऱ्यावरचा शिंपी आणि एक सायकल दुरुस्तीवाला. दोघांचाही खात्याशी संबंध नव्हता. खात्यात असलेल्यांपैकी 'भरू नये' म्हणणारा एकही नाही. 'भरावा' म्हणणारे मात्र सात, आणि ते सातही खात्यातलेच. हे मला सकाळीच दिसायला हवं होतं. समोर नाव आत्याचं होतं म्हणून मी डोळे उघडलेच नव्हते.

तिथून मी तडक आत्याकडे गेले. ती कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून बसली होती. दिवसभर चालून आली की हा तिचा नेम. माझ्या हातातला गठ्ठा तिने बघितला.

"किती?" मी विचारलं.

"एकोणीस," ती म्हणाली. "बाकीचे बारा जण खरंच तसं म्हणाले होते. एकोणीस मी बदलले."

"आत्या, तुला वेड लागलंय का? तू? मी खोटे फॉर्म पकडण्याचं काम करते गं! आणि मला शिकवणारी तू!"

"ओरड, ओरड. तुझा हक्क आहे."

"ओरडणारच आहे! सोमवारी सरकार म्हणेल, बघा, ज्यांची माणसं गेली त्यांनाही काही वाटत नाही. त्या प्रकाशकाला आत टाकतील, तुझ्या त्या विणकामवाल्याला! आणि कशाच्या जोरावर? तुझ्या टपोऱ्या अक्षराच्या!"

ती पाण्याकडे बघतच सांगायला लागली. काम नवीन असताना तिने एका कारखान्यात सर्व्हे केला होता, वरिष्ठांबद्दल काय वाटतं असा. एका फिटरने मोकळेपणाने सगळं सांगितलं. फॉर्म कोणत्या वाटेने कोणाच्या हातात गेला ते तिला कधीच कळलं नाही, पण महिन्याभरात त्या फिटरची बदली लांबच्या गावी झाली. ती रस्त्याने जात असताना तो टेम्पोत कपाट चढवत होता. त्याने तिला ओळखलं आणि नुसतं बघितलं.

"त्या फॉर्मवर अक्षर माझं होतं," आत्या म्हणाली. "तेव्हापासून मी अशा जागी प्रश्न विचारताना जीव मुठीत धरून विचारते. क्वार्टर्समध्ये एकेक जण हळू आवाजात 'भरू नये, भरू नये' म्हणायला लागला, आणि माझ्यापुढे तो टेम्पो येऊन उभा राहिला. माझा हात आपोआप तिसऱ्या चौकटीकडे गेला."

माझा राग निम्मा तिथेच ओसरला, पण अडचण होती तिथेच राहिली. माझ्या पिशवीत फेरतपासणीचा कागद होता. त्यावर सतरा नंबरपुढे 'जुळते' अशी एक खूण केली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. आत्याची बावीस वर्षं वाचली असती. तिने मनात आणलं असतं तर ती खूण माझ्याकडे मागू शकली असती. तिने मागितलं नाही.

"तुला हवं ते लिही," ती म्हणाली. "मी भुवई हलवणार नाही."

मग मी तिला सतरा नंबरची बाई काय बोलली ते सांगितलं. भल्यासाठी दाबलेल्या अहवालाचं. मला कोणी विचारलं नव्हतं, हेही.

आत्याने टबातून पाय काढले, पुसायचंही भान राहिलं नाही, आणि फरशीवर ओले ठसे उमटवत टेबलाशी गेली. कोरा कागद घेतला. वर आपलं पूर्ण नाव, पत्ता आणि घराचा क्रमांक लिहिला, फॉर्मवर लिहितो त्याच क्रमाने. खाली चार ओळींत केलेली चूक लिहिली. सही केली आणि कागद माझ्याकडे दिला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. ती मला म्हणाली, "मुसमुसू नकोस, कागद भिजेल."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"यादीतून नाव जाईल," ते म्हणाले. "मला वाईट वाटतं, पण जाईल."

"तिला माहीत आहे. पण साहेब, आकडा खोटा आहे तो आहेच. त्याचं काय?"

इथे मी त्यांच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं होतं. खोटा दशांश छापून येणार या कल्पनेनेच त्यांचा चेहरा आंबट झाला. मी माझा बेत सांगितला. चाळीस घरं पुन्हा करायची. नाव नाही, क्रमांक नाही, नुसती तीन चौकटींची चिठ्ठी. खूण ज्याची त्याने करायची, घडी घालायची आणि बंद डब्यात टाकायची.

"नावाशिवाय? मग फेरतपासणी कशाची करणार? अशा चिठ्ठ्या निघाल्या तर तुमचं काम काय उरलं?"

"ते नंतर बघू," मी म्हटलं. खरं सांगायचं तर हा विचार मी केलाच नव्हता.

"शुक्रवार संध्याकाळपर्यंत," साहेब म्हणाले. "आणि तुमच्या आत्या चिठ्ठ्यांना हात लावणार नाहीत."

आत्याने चिठ्ठ्यांना हात लावला नाही. पण ती माझ्याबरोबर आली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला मी वर फट पाडली होती आणि झाकणाला चिकटपट्टी लावली होती. प्रत्येक दारात मी चिठ्ठी द्यायची आणि दोन पावलं मागे सरायचं. ज्या एकोणीस घरांची उत्तरं तिने बदलली होती, ती तिला सगळी पाठ होती. तिथे ती पुढे व्हायची आणि हात जोडून सांगायची, "तुमचं मत मी पुसलं. माझं चुकलं."

मला वाटलं होतं, लोक म्हणतील जाऊ द्या. सगळे तसं म्हणाले नाहीत. एका फोरमनने तिला असं काही झापलं की मलाच मध्ये पडावंसं वाटलं. मग त्याने धाडकन दार लावलं. आम्ही वळलो, तर दार पुन्हा उघडलं. "चिठ्ठी द्या," तो म्हणाला. परवा शेजारच्या दाराकडे बघत पुटपुटणारा कारकून चिठ्ठी घेऊन आत गेला, आणि परत आला तेव्हा चक्क हसत होता. चार दारांपुढे तर लोक आम्ही पोचायच्या आधीच उभे होते. बातमी आमच्यापुढे धावत होती.

सतरा नंबरला आत्याचा पाय अडखळला. दार उघडल्यावर ती नेहमीचं वाक्य बोलली. ती बाई दारातून बाजूला सरली.

"आत या," ती म्हणाली. "पण या वेळी चहा नाही."

ती चिठ्ठी घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एका खुणेला लागावा त्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग घडी घालून तिने चिठ्ठी डब्यात टाकली, आणि आम्ही निघताना आत्याला म्हणाली, "बाई, पुढच्या वेळी या. चहा पुढच्या वेळी."

आता पुढचं आधी सांगून टाकते. आत्याचं नाव यादीतून गेलं ते गेलंच. शनिवारी वर्तमानपत्रात आमच्या आकड्यांखाली बारीक अक्षरांत छापून आलं की एका वस्तीतली उत्तरं पुन्हा घेतली, आणि का घेतली. त्या बारीक अक्षरांचीच सगळीकडे जास्त चर्चा झाली. शहराचं मत जेमतेमच 'भरू नये'कडे झुकलं होतं, तेव्हा आमच्या चाळीस चिठ्ठ्यांनी सरकार हललं असं म्हणण्याइतकी मी खुळी नाही. पण सोमवारी खटला दाखल झाला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. या गोष्टीला आता पाच महिने झाले, आणि प्रकाशक त्याच्या दुकानात बसून गाइडं विकतो आहे. आमच्या नव्या फॉर्मवर नाव-पत्ता खाली असतो, टोचलेल्या रेघेवरून फाडून वेगळा होणारा, आणि तो फाडायचा की नाही ते उत्तर देणारा ठरवतो. कचेरीत त्या तुकड्याला सगळे 'आत्यापट्टी' म्हणतात. नवीन मुलींना दार वाजवायला शिकवायला साहेबांनी आत्याला बोलावलं आहे. यादीत नाव नसलेल्या माणसाने शिकवू नये असा नियम नाही, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. मलाही काम उरलं आहे, फाडत नाहीत असे लोक पुष्कळ निघाले.

पण मला सांगायची आहे ती शुक्रवारची संध्याकाळ. साहेबांच्या टेबलावर डबा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हात मांडीवर घट्ट धरून आत्या. साहेब एकेक चिठ्ठी उघडत होते आणि मी रेघा मारत होते. 'भरावा' अकरा झाले, आधीपेक्षा चार जास्त. आत्या चकित झाली. शेजाऱ्यांच्या भिडेपोटी 'भरावा' म्हणायलाही कोणी कचरत असेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. "बघ," ती हळूच म्हणाली, "त्यांचीही तोंडं बंद होती." 'सांगता येत नाही' पाच. 'भरू नये' तेवीस. एकच चिठ्ठी राहिली.

साहेबांनी ती उघडली आणि तशीच धरून बसले. मग माझ्यापुढे ठेवली.

'भरू नये'च्या चौकटीत खूण होती. खाली, जिथे काहीही लिहायचं नव्हतं, तिथे ठळक अक्षरांत एक पूर्ण नाव आणि 'घर नंबर सतरा'. नाव तिचं नव्हतं. फोटोखाली वाचलेलं नाव होतं ते, भांडारपालाचं.

मेलेल्या माणसाचं मत घेऊन येणाऱ्याला मी एकदा कामावरून घालवलं होतं. साहेबांनाही ते आठवलं असणार. शिवाय चिठ्ठीवर नाव म्हणजे चिठ्ठी बाद, हे माझ्याच हस्ताक्षरात त्या डब्यावर लिहिलेलं होतं. मी आत्याकडे बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या दोन्ही भुवया पार वर गेल्या होत्या.

साहेबांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "खूण स्पष्ट आहे ना?"

"स्पष्ट आहे," मी म्हटलं.

"मग मोजा."

मी चोविसावी रेघ मारली.